गळासकट गेलेला मासा

(तळ्याच्या कडेचा लाकडी धक्का, त्याला लागून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. सकाळ. दातांची डॉक्टर म्हणून नुकतीच निवृत्त झालेली आजी आणि तिची नऊ वर्षांची नात, भिंगरी.)

आजी : मिटलेस का डोळे? डावा किलकिला दिसतोय मला. हं. आता समज, तू मासा आहेस.

भिंगरी : केवढा?

आजी : काल तुझा दोरा तोडून गेला, तेवढा.

भिंगरी : म्हणजे एवढा.

आजी : काल घरी जाताना कोपरापर्यंत होता, आज खांद्यापर्यंत आला. बरं, एवढा. तू पाण्यात आहेस आणि पोटात कावळे ओरडतायत.

भिंगरी : पाण्यात कावळे कसे ओरडतील?

आजी : बगळे म्हण मग.

भिंगरी : नको, बगळे मला खातील.

आजी : मध्ये मध्ये बोलणारा मासा मी पहिल्यांदाच बघतेय. ऐक. समोर कणकेची गोळी आली. तू गिळलीस, आणि ओठाला टच्चकन काहीतरी टोचलं. ओढाओढी झाली, दोरा तुटला, तू सुटलीस. आज तश्शीच गोळी परत समोर आली. खाशील?

भिंगरी : जन्मात नाही.

आजी : फारच भूक लागली तर?

भिंगरी : कडेकडेनं कुरतडीन.

आजी : बघ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच दिलंस. एकदा निसटलेला मासा परत सापडतो का? काही शहाणे होतात, महिनोन्‌महिने गळाकडे फिरकत नाहीत. काही संध्याकाळपर्यंत विसरून पुन्हा तोंड उघडून हजर. माझ्या खुर्चीतून पळालेल्या पोरांसारखंच. कोणी चार दिवसांनी आईचा हात धरून यायचं, कोणी थेट मिशा फुटल्यावर.

भिंगरी : पण यायची सगळी?

आजी : ज्यांचं दुखणं थांबायचं नाही, ती यायची. उघड डोळे.

भिंगरी : मला मिशा फुटेपर्यंत थांबायचं नाहीये. तो आज सापडायला हवा. आजच.

आजी : एवढी कसली घाई? मामाला दाखवायचाय वाटतं?

भिंगरी : नाही.

आजी : मग? सकाळचं दूध तसंच ठेवलंस. काल रात्रीही ताटात नुसती बोटं फिरवत होतीस.

भिंगरी : गळ त्याच्या तोंडात राहिलाय.

आजी : असेना का. प्रत्येक गळाचा उलटा काटा मी पकडीनं चेपून सपाट करते, तुला माहितीये. कशासाठी? माशाला तो सोडवता यावा म्हणून. दोनदा डोकं झटकलं असेल की पडला असेल.

भिंगरी : नाही पडणार.

आजी : का गं?

भिंगरी : तू पाण्याकडे बघ. माझ्याकडे नको बघूस.

आजी : बघते पाण्याकडे. बोल.

भिंगरी : तो आपल्या डबीतला नव्हता. मामाच्या पेटीतला होता. काटा न चेपलेला. तुझ्या गळावरून माझे चार मासे निसटले ना, तेव्हा मामा म्हणाला, आजीच्या गळांना कवळी बसवायला हवी. मग तू चहा आणायला गेलीस, तेव्हा मी तो बांधला.

आजी : हं.

भिंगरी : रागावलीस?

आजी : थांब, बघू दे. हो, थोडीशी. तुझ्यावर कमी, त्या कवळीवाल्यावर जास्त.

भिंगरी : मासा मरेल का?

आजी : ठाऊक नाही, बाळा. ओठाच्या कडेला रुतला असेल तर गळ घेऊनही खाईल बिचारा. खोल गेला असेल तर खाता येणार नाही त्याला.

भिंगरी : म्हणून मीपण नाही खाल्लं.

आजी : तुझ्या उपाशी राहण्यानं त्याचं पोट भरलं का? हे बिस्किट धर. अख्खं. हां. आता कणकेच्या गोळ्या टाक पाण्यात. बिनगळाच्या.

भिंगरी : कशाला?

आजी : त्याचा विश्वास गेलाय. तो परत मिळवायला वेळ लागतो, आणि तोंड बंद ठेवावं लागतं. दुसरं तुला जमेल का, तेवढीच काळजी आहे.

भिंगरी : जमेल.

आजी : बघू.

भिंगरी : जमतंय बघ.

आजी : दिसतंय.

भिंगरी : आजी, सगळे चिल्लर मासे आले, तो नाही आला. अर्धा तास झाला.

आजी : दहा मिनिटं झाली.

भिंगरी : आजी, वारा कुठून येतोय?

आजी : आपल्या पाठीकडून. का?

भिंगरी : मग ते लाल बूच वाऱ्याच्या उलटं कसं येतंय? आपल्याकडे?

आजी : कुठलं बूच? थांब, चष्मा. अगं बाई! काल दोरा कुठे तुटला?

भिंगरी : काठीच्या टोकाशी. सगळाच गेला. दोऱ्यावरचं तरंगतं बूचपण.

आजी : आणि हे आज सांगतेस?

भिंगरी : तू विचारलंच नाहीस! मासा केवढा होता, एवढंच विचारून हसत होतीस.

आजी : खरं आहे. चुकलंच माझं. मग आता गळाचं कामच नाही. दोरा धरायचा. चपला काढ. इथे पाणी तुझ्या कमरेइतकं आहे, माझे गुडघे काही उतरायचे नाहीत. मी या पायरीवर बसते, माझ्या नजरेसमोर राहायचं.

भिंगरी : ई, बोटांमधून चिखल येतोय.

आजी : येऊ दे. पाय उचलू नकोस, सरकवत जा. आणखी एक पाऊल.

भिंगरी : धरलं! बूच धरलं! तो ओढतोय!

आजी : ओढू दे. तो ओढेल तेव्हा द्यायचं, तो थांबेल तेव्हा घ्यायचं. भांडायचं नाही.

भिंगरी : दिलं. दिलं. आता घेतेय. आजी, तो दमलाय गं. दिसला! अरे, एवढाच आहे तो?

आजी : सुटलेले मासे रात्रीत फार वाढतात. पायरीपाशी आण हळूहळू. हात ओले आहेत ना? कोरड्या हातानं त्याच्या अंगावरची बुळबुळ निघते आणि मग त्याला रोग लागतो. पोटाखालून धर, दाबू नकोस. गळ कुठे आहे?

भिंगरी : ओठाच्या कडेला. काटा ओठातून बाहेर आलाय.

आजी : नशीबवान पेशंट. ही पकड घे.

भिंगरी : मी? तू कर ना. तू डॉक्टर आहेस.

आजी : माझे हात बघ.

भिंगरी : थरथरतायत.

आजी : दवाखाना उगाच नाही बंद केला मी. तोंड माझं, हात तुझे. मी हात ओले करून इथून त्याला धरते, तेवढं जमतं मला. बाहेर आलेला काटा पकडीत घे आणि चेप.

भिंगरी : त्याला दुखेल.

आजी : दुखेल. तू घाबरत घाबरत केलंस तर जास्त वेळ दुखेल.

भिंगरी : चेपला.

आजी : पुन्हा एकदा. सपाट झाला? आता गळ ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं मागे फिरव. ओढायचा नाही, फिरवायचा. श्वास घे. अगं, तू घे, तो त्याचा घेतोय.

भिंगरी : निघाला! आजी, निघाला! एक थेंब रक्त आलंय.

आजी : एवढं चालतं. गुळणी करायला सगळं तळं आहे त्याला. मी हात काढते. त्याला पाण्याखाली धर, तोंड खोल पाण्याकडे. कल्ले हलतायत?

भिंगरी : हलतायत. हळू.

आजी : छान केलंस गं. माझ्या हाताखालच्या पोरी पहिल्या दिवशी पकड खाली पाडायच्या.

भिंगरी : शू.

आजी : बरं.

भिंगरी : शेपटी हलली.

आजी : भिंगरी, ओठ निळे पडले तुझे. सोड आता त्याला.

भिंगरी : हात केव्हाच उघडलेत, आजी. तो जाईपर्यंत मी हलत नाहीये, एवढंच.