माझं बोनाफाईड

अरे, आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत अभ्यासिका आहे ना, तिथून मला हाकलायला निघाले होते! मी बावन्न वर्षांचा, तुर्भ्याला कंपनीत स्टोअरकीपर. संध्याकाळी तिथे बसून एकटाच लॉजिक शिकतो. कॉम्प्युटर काय सोडवू शकतो आणि काय कधीच नाही, असलं सगळं.

एक दिवस सेक्रेटरी सावंत आले. "ही खोली फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे. कॉलेजचं बोनाफाईड आणा."

"कॉलेज नाही. माझा मीच शिकतो."

"मग शिकवणाऱ्याचं पत्र आणा."

आणलं. 'सदर विद्यार्थी नियमित व होतकरू आहे.' विद्यार्थी मी, आणि खाली शिक्षक म्हणून सहीपण माझीच.

सावंत भडकले. "स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट? चालतं का असं कुठे?"

मी भिंतीवरच्या त्यांच्या 'फक्त विद्यार्थ्यांसाठी' या नोटिशीकडे बोट केलं. अध्यक्ष गावी गेल्यापासून त्यांचाही चार्ज सावंतांकडेच. त्यामुळे सेक्रेटरी म्हणून सही सावंतांची, आणि 'मंजूर, अध्यक्ष' म्हणूनही सावंतांचीच.

"इथे चालतंय की."

सावंतांनी स्वतःचीच नोटीस पुन्हा वाचली. मग म्हणाले, "तुम्ही नक्की शिकता तरी काय?"

मी खुर्ची पुढे ओढली. "हेच. जो स्वतःच स्वतःला बरोबर ठरवतो, तो कुठे अडकतो ते."