ताईनेच पाठवलंय

(मरोळच्या चाळीतली खोली. आई, थोरली अपूर्वा, धाकटा निलेश.)

निलेश: पण जजला असं काढता येतं, ताई? तू काय कंत्राटी कामगार आहेस?

अपूर्वा: प्रोबेशनवर होते रे. दोन ओळींची ऑर्डर आली. सेवेची आवश्यकता नाही. बस्स.

निलेश: कारण तरी?

अपूर्वा: लिहिलंच नाही. नोटीस नाही, सुनावणी नाही. माझ्यासमोर सराईत पाकीटमार उभा केला तरी मी विचारायचे, बाबा, तुला काही म्हणायचंय का? मला कुणी एवढंही विचारलं नाही.

आई: विचारूक इले होते ना गो.

अपूर्वा: कोण?

आई: दोन साहेब. शिमग्याच्या आधी. मीच चाय केलंय. शालीचा कायतरी विचारीत होते. निलग्याक ठावक.

निलेश: आई, तू गप बस ना!

अपूर्वा: कसली शाल?

आई: ही काय, पांघरलंय ती. तू जज झालंस तेव्हा सत्कार झालो नाय?

अपूर्वा: माझा कुठलाही सत्कार झालेला नाही. निलेश, त्या नगरसेवकाने, सुबोधभाऊने, माझा सत्कार ठेवायचं म्हटलं, तेव्हाच मी तुला फोनवर नाही म्हणाले होते. या लोकांच्या स्टेजजवळ फिरकायचंही नाही. उद्या त्यांचंच माणूस माझ्यासमोर उभं राहील.

निलेश: तू नाही म्हणालीस, पण बॅनर लागले होते यार! मंडपसुद्धा मीच घातलेला, धंदाच तो माझा. अख्खी चाळ समोर बसलेली आणि स्टेजवरून तुझं नाव पुकारलं. मग काय, गेलो मीच वर. शाल, नारळ घेतला.

अपूर्वा: माझ्या नावाने.

निलेश: माईकवर बोललो, ताई ड्यूटीवर आहे, ताईनेच पाठवलंय मला. काय टाळ्या पडल्या माहितीये? बाबांची गिरणी बंद पडल्यापासून आपल्या घरासाठी कुणी टाळी वाजवली होती गं?

अपूर्वा: त्या दोघांना काय सांगितलंस?

निलेश: त्यांनी फोटो दाखवला. मी आणि भाऊ. विचारलं, मॅडमना हे माहीत होतं का?

अपूर्वा: मग?

निलेश: तेच सांगितलं. ताईनेच पाठवलं होतं.

अपूर्वा: का रे?

निलेश: अख्ख्या चाळीसमोर बोललेलो ना मी. आता खोटं होतं म्हणू? मला वाटलं, असंच कौतुकाने विचारतायत.

अपूर्वा: त्याच्याआधी, डिसेंबरात, मी एका पोराचा जामीन नाकारला होता. दारू पिऊन गाडीखाली माणूस मारलेला. तो सुबोधभाऊचा भाचा, हे मला नंतर कळलं. आता सगळं जुळतंय बघ. मॅडमनी सत्कार घेतला, वर आणखी मागितलं, मिळालं नाही म्हणून पोराला आत टाकलं. अशी तक्रार. ते दोन साहेब त्याच्याच चौकशीला आलेले. आणि साक्षीला माझा सख्खा भाऊ.

आई: निलग्या, खरा काय ह्या?

निलेश: ...भाऊंचा माणूस आदल्या दिवशी येऊन गेलेला. माईकवर बोललास तेच बोल म्हणाला. एवढंच.

अपूर्वा: म्हणजे कौतुकाने विचारतायत असं वाटलं नव्हतं तुला.

निलेश: नव्हतं.

अपूर्वा: आणि इतके महिने मला रोज फोन करत होतास. जेवलीस का, विचारत होतास.

निलेश: ते मनापासून विचारायचो गं, ताई.

अपूर्वा: ठीक आहे. मी याविरुद्ध दाद मागणार आहे. तू प्रतिज्ञापत्र दे. मला न सांगता स्टेजवर गेलास, आणि नंतर खोटं बोललास. एवढंच लिहायचं. बाकी माझं मी लढते.

निलेश: नवरात्रीचे सगळे मंडप भाऊंकडून येतात.

अपूर्वा: मी काय विचारलं?

निलेश: तू वकिली करशील ना. तुला डोकं आहे. मला बांबू आणि कापडापलीकडे काय येतं? ही लाईन गेली तर माझी वाट लागेल. पोरांचं काय करू?

आई: ही शाल घे आधी माझ्या अंगावरची. माका नको ती.

अपूर्वा: राहू दे, आई. गारठा आहे.

निलेश: शिव्या घाल ना मला. दोन थोबाडीत दे.

अपूर्वा: बस इथे समोर. तुला आणखी काही म्हणायचंय? सगळं सांग. मी शेवटपर्यंत ऐकून घेते.

निलेश: आणि मग?

अपूर्वा: मग ठरवते, तू माझा कोण ते.