सोलापूरहून परत

सरकारी बँकेला उगं नावं ठेवू नका. लॉकडाउनात मी नळदुर्गात मॅनेजर होतो. खासगी फायनान्सवाल्यांनी हात आखडला, आम्हाला मात्र वरून हुकूम आला, जुन्या खातेदारांना वाढीव कर्ज द्या. पण बँकेची गाडी दिसली की लोकांना वसुलीच आठवायची.

हायवेवरच्या बंद ढाब्यावर गेलो. मला बघताच मालक शिवाप्पा तंदूरमागं दडला. बायको म्हणाली, "ते सोलापूरला गेलेत."

"बरं. हप्ता मागायला न्हाय आलो, ढाबा पुन्हा उघडायला कर्ज द्यायला आलोय. त्यांची सही लागती. न्हाईत तर जातो पुढच्या ढाब्यावर."

शिवाप्पा अंगावरची राख झटकत समोर आला. "बसा की साहेब."

"सोलापूरहून इतक्यात आलात?"

"हायवे सगळा रिकामाच हाय न्हवं, साहेब."