लॅपटॉपमधली बाई

वडिलांचं दिवसकार्य उरकून पूर्णिमा कागलच्या एसटीत बसली. पुढच्या सीटवर एक अंध डीजे आणि त्याचे वडील बोलत होते.

“आबा, उद्याच्या वरातीला स्क्रीन वाचायला येऊ नगासा. लॅपटॉपमधली बाईच आता कानात गाण्याचं नाव सांगती.”

“बरं झालं. ह्या वयात स्पीकरजवळ छाती धडधडती. काल हळदीला जमलं तिला?”

“नावं समदी बरोबर सांगितली. पर म्हाताऱ्या नाचाय आल्यात, जरा हळू लाव, असं तुमच्यागत काय म्हटली न्हाय. बिचाऱ्या दमून बसल्या म्हणं.”

“तिला तरी कुठं दिसतंय?”

“व्हय की.”

“मग येऊ उद्या?”

“या. पर स्पीकरपासनं लांब, माझ्या मागं बसा.”

पूर्णिमाचा थांबा आला. कंडक्टरनं दोनदा पुकारलं, तरी ती उठली नाही.