विकेटला एक ठोसा

अहो, थाप मारू नका हो दंडावर! प्रेमानं मारता, कबूल, 'काय ट्रेव्हर, बरंय का?' म्हणून मारता, पण मारता कुठं? दंडावर! तिथं आता दंड उरलाय का? वांग्याचं भरीत झालंय तिथं! बाही वर करून दाखवू? नको, बायका बसल्यात समोर, घाबरतील... हिरवं, निळं, जांभळं, मध्येच पिवळं... अख्ख्या ॲडलेडच्या बाजारात एवढे रंग मिळायचे नाहीत! चाळीस वर्षं मार खातोय, तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं! आणि कुणाचा? चोराचा नाही, पोलिसाचा नाही, सख्ख्या मेव्हण्याचा! आणि कशासाठी? चिमूटभर राखेसाठी!

हसू नका, राखच. अठराशे ब्याऐंशी साली आमचे इंग्लंडचे लोक लंडनला, आपल्याच दारात, ऑस्ट्रेलियाकडून सात धावांनी हरले, आणि कुठल्याशा पेपरवाल्याला चावटपणा सुचला, त्यानं छापलं की इंग्लंडचं क्रिकेट वारलं, दहन होईल आणि राख ऑस्ट्रेलियाला नेतील. अरे, छापलंस ते छापलंस, लोकांनी हसून विसरावं ना? छे! कुणीतरी खरंच काहीतरी जाळलं, स्टंपावरची दांडी म्हणतात, ती राख बोटभर मडक्यात भरली, आणि तेव्हापासून दोन देश एकमेकांची हाडं मोडतायत. मडकं केवढं? एवढं! ह्यात मीठ भरलं तर दोन उकडलेल्या अंड्यांना पुरायचं नाही! आणि जिंको कुणीही, मडकं आपलं लंडनलाच, कपाटात. माझा मेव्हणा केल ह्या एका गोष्टीवर असा पेटतो... 'आठ मालिका लागोपाठ जिंकलो आम्ही, आठ! मडकं कुठाय? तुझ्या लंडनात! चोर लेकाचे!' मी म्हणतो, 'अरे केल, मी लंडनचा नाही, मी बार्न्झलीचा, मी ते मडकं जन्मात पाहिलेलं नाही.' त्यावर उत्तर काय? धप्!

केल मेंढ्या कातरायचा हो. दिवसाला दीडशे मेंढ्या. जिवंत मेंढी एका हातानं आडवी करून बसवणारा माणूस! आणि मी? नोकरीसाठी इथं ॲडलेडला आलेला, मोटारींच्या कारखान्यात कारकून. म्हणजे जोडी कशी, ते आलंच लक्षात.

सुरुवात झाली चौऱ्याहत्तर साली, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. मी ग्लेनिसला मागणी घालायला तिच्या घरी गेलो. नवा शर्ट, हातात फुलं. आता वेळ तरी कुठली निवडावी माणसानं? त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या दोन गोलंदाजांनी ब्रिस्बेनला आमच्या दोन फलंदाजांचे हात मोडले होते, आणि सगळा देश खुशीत होता! सासरेबुवा, अर्न त्यांचं नाव, मागच्या अंगणात मटण भाजत होते. फुलांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, चिमटा रोखून म्हणाले, 'तेहेतीस साली मी ॲडलेडच्या मैदानावर होतो. तुमच्या लोकांनी आमच्या कप्तानाच्या छातीत चेंडू घातला. दुसऱ्याची कवटी फोडली. मी कुंपणावर एक पाय टाकला होता, पोलीस आडवे आले.' मी म्हटलं, 'साहेब, तेहेतीस साली माझा जन्मही झाला नव्हता.' तर म्हणाले, 'तुझा बाप होता ना?' झालं! लांडगा आणि कोकराची गोष्ट! 'उभा राहा त्या कचऱ्याच्या पिंपासमोर,' म्हणाले, 'मुलगी मागतोस, आधी केलची सहा षटकं खेळून दाखव.'

पत्र्याचं पिंप हे स्टंप. केल धावत आला कुठून? तर रस्त्याच्या पलीकडून! लोकांच्या मोटारी थांबल्या हो, ह्याला धावायला जागा मिळावी म्हणून! पहिला चेंडू कानावरून गेला. दुसरा बरगडीत. तिसरा... हा दात बघताय, पुढचा? खोटा आहे. रक्ताची गुळणी टाकली, बॅट सोडली नाही, सहा षटकं उभा राहिलो. सासरेबुवा आले, दात गवतातनं शोधून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, 'पोरगी तुझी. आता ह्या घरचा नियम ऐक. इंग्लंडची विकेट पडली की केल तुला एक ठोसा मारणार. ऑस्ट्रेलियाची पडली की तू केलला. दंडावर, मूठ आवळून, मागं सरकायचं नाही. नियम म्हणजे नियम!' लोकांना सासरकडून घड्याळ मिळतं...

पण मला वाटलं, बरोबरीचा सौदा आहे, विकेटी काय दोन्हीकडच्या पडतात! हो, पडतात. पण माझा ठोसा बसला की केल म्हणायचा, 'माशी आहे का गं ग्लेनिस?' आणि त्याचा बसला की मी दोन दिवस चहाचा कप डाव्या हातानं धरायचो! बरं, एक्याऐंशी साली फॉलोऑन मिळालेला सामना आमच्या लोकांनी अठरा धावांनी जिंकला. मी फक्त एवढंच म्हटलं, 'काय केल?' दोन शब्द! तर नियमबियम बाजूला, त्यानं फ्रीजरमधून मेंढीची गोठलेली अख्खी तंगडी काढली आणि फेकून मारली. बरगडी मोडली. इस्पितळात विचारलं, 'कशानं लागलं?' मी सांगितलं, 'जेवणानं.' आणि हे सगळं कशासाठी? चिमूटभर राखेसाठी!

नंतर शहाऐंशी-सत्त्याऐंशी साली इथं येऊन जिंकलो आम्ही, आणि मग बंद! तुम्हाला सांगतो, इथल्या जमिनीवर मग चोवीस वर्षं दुष्काळ! एकोणनव्वदपासून ते आठ मालिका जिंकले, दर सामन्याला आमच्या अठरा-वीस विकेटी, तुम्हीच हिशेब करा माझ्या दंडाचा. मला मडकं नको होतं हो. मला एकदा, फक्त एकदा, केलसमोर त्याच्याच देशात उभं राहून म्हणायचं होतं, 'आम्ही जिंकलो,' आणि त्याच्या दंडावर मोजून वीस ठोसे हाणायचे होते. ह्या एका इच्छेवर जगत होतो मी. सासरेबुवा गेले, माझे केस गेले, इच्छा जाईना!

आणि उजाडलं दोन हजार दहा! ब्रिस्बेनचा सामना. आमचे लोक दुसऱ्या डावात किती? एक बाद पाचशे सतरा! एक बाद! दोन दिवस केल टीव्हीसमोर बसून विकेटची वाट बघतोय, मूठ आवळलेली, विकेटच पडत नाही! चारशेला त्याला घाम फुटला, साडेचारशेला डावा हात दुखायला लागला, पाचशेला छातीवर हात ठेवून खुर्चीतनं खाली. इस्पितळ, दोन स्प्रिंगा हृदयात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'सहा आठवडे धक्का नको. क्रिकेट तर नकोच नको.' केलची बायको कधीच सोडून गेलेली, तेव्हा तो येणार कुणाकडं? आमच्याकडं! ग्लेनिसनं टीव्ही हलवला, पेपर बंद केला आणि मला स्वयंपाकघरात गाठलं. 'ट्रेव्हर, तो तुलाच विचारणार. सांगायचं, ऑस्ट्रेलिया जिंकतेय.' मी म्हटलं, 'अगं, पण आपण... म्हणजे आम्ही जिंकतोय! ॲडलेडला डावानं मारलंय!' ती म्हणाली, 'ॲडलेडला पाऊस पडला, सामना बरोबरीत सुटला. माझा एकच भाऊ आहे, ट्रेव्हर.' तिचे डोळे भरले. मी मान डोलावली.

मधला पर्थचा सामना ऑस्ट्रेलियानं खरंच जिंकला, तेवढं खरं बोलायला मिळालं. मग मेलबर्न, नाताळचा दुसरा दिवस. मी बागेच्या शेडमध्ये रेडिओ कानाला लावून. आणि ऑस्ट्रेलिया... सगळे बाद... अठ्ठ्याण्णव! अठ्ठ्याण्णव हो! पहिल्या दिवशी, चहापर्यंत! दहा ठोसे माझे! ओरडायची सोय नाही, मी बागकामाचा हातमोजा तोंडात कोंबला आणि नाचलो, फावडं पायावर पडलं तरी नाचलो! आत गेलो. केल उशीला टेकून. इंग्रजांना इथं चिडवून पॉमी म्हणतात, तो मला तेच म्हणायचा. 'काय रे पॉमी, काय झालं?' माझ्या तोंडून निसटलं, 'सगळे बाद अठ्ठ्याण्णव!' केल म्हणाला, 'कोण?'

कोण! तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षं त्या एका शब्दात येऊन उभी राहिली. ओठांवर आलं होतं. पण दारात ग्लेनिस, हातात मटणाचा काटा, आणि केलचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, '...इंग्लंड.'

असा रंग आला हो त्याच्या गालावर! 'ग्लेनिस, पाठीला उशी लाव! पॉमी, बाही वर कर!' दहा! हृदयाचा रोगी म्हणे! मी जिंकतोय आणि मीच दहा खातोय! आणि दुसऱ्या डावात त्यांचा एक जण जायबंदी, तो तर फलंदाजीलाच आला नाही, म्हणजे विकेटी नऊच. मी मुद्दाम सांगितलं, एक तरी वाचेल म्हणून. वाचला, पण नववा त्यानं दोघांच्या ताकदीनं मारला. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, ती खूश, 'वा! हातात ताकद काय छान येतेय!' पुढं सिडनी, पुन्हा डावानं जिंकलो, ह्या वेळी पूर्ण वीस! सतराव्याला खांद्यात 'कट्' वाजलं. केल म्हणाला, 'काय मोडलं रे?' मी म्हटलं, 'खाट.' आणि हे सगळं कशासाठी? आता राखेसाठीसुद्धा नाही हो, मेव्हण्यासाठी!

पण मी दिवस मोजत होतो! सहा आठवडे संपले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, 'ठणठणीत आहेत, काहीही करू द्या.' मी लपवून ठेवलेली पेपरची कात्रणं काढली, इंग्लंडचा स्वेटर चढवला, अडतीस डिग्री उन्हात, लोकरीचा! केलच्या खोलीत गेलो, तर खोली रिकामी. गेला होता पबमध्ये! आता सगळं कुणीतरी दुसराच सांगणार... माझं वाक्य दुसराच म्हणणार!

तासाभरानं परत आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, 'ट्रेव्ह.' पॉमी नाही, ट्रेव्ह! छत्तीस वर्षांत पहिल्यांदा! 'मी पबमध्ये छाती ठोकून सांगितलं, सिडनीला डावानं जिंकलो आपण. सगळ्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. एक म्हातारा तर रडायलाच लागला.' मी म्हटलं, 'केल, ग्लेनिसनं सांगितलं म्हणून...' म्हणाला, 'मला कळलं. गप्प बस.' आणि शर्ट काढला, दंड पुढं केला. 'एकोणचाळीस. मार. नियम म्हणजे नियम!'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! मूठ आवळली, हात उचलला... हात उठेना! सिडनीचा सतरावा! पुन्हा प्रयत्न केला, कमरेच्या वर येईना! केल म्हणाला, 'अरे मार की, दिवसभर उभा राहू?' मी म्हटलं, 'राहू दे, केल, पोचले.' म्हणाला, 'म्हणजे काय! पॉमीचे ठोसे बुडवले म्हणतील लोक!' आणि त्यानं माझं मनगट धरलं, मूठ आवळून दिली, आणि माझाच हात स्वतःच्या दंडावर आपटायला लागला! एक! दोन! तीन! दर ठोशाला माझ्या खांद्यातून कळ अशी मेंदूपर्यंत! 'आम्ही जिंकलो' म्हणायला तोंड उघडलं, तर बाहेर काय आलं? 'आई गं!' जिंकलो आम्ही, बोंबलतोय मी! एकोणचाळीस झाले, मी हात जोडले, म्हणजे एकच जोडला, तर म्हणाला, 'आणि ॲडलेडचे वीस? माझ्या गावात हरलो आम्ही, ते कोण मारणार?' त्रेपन्नाव्याला मला भोवळ आली. उरलेले सहा मी बेशुद्ध असताना मारले म्हणे. मोजून. ग्लेनिस साक्षीला होती.

खांद्याचं ऑपरेशन झालं, दोन स्क्रू आत. पुढचं वर्ष हात गळ्यात. मग व्यायाम, तेल, शेक... तीन वर्षं लागली, पण तुम्हाला सांगतो, हात असा तयार झाला, मूठ अशी घट्ट बसायला लागली की म्हटलं, आता येऊ दे मालिका! आली. ही आत्ताचीच. पाच सामने. आमचे लोक पाचही हरले, आणि विकेटी किती घालवल्या? पाच सामन्यांत जास्तीत जास्त जातील किती? शंभर. शंभरच घालवल्या! एक, निदान एक तरी राखावी ना? नाही! पूर्ण शंभर!

तसा मेव्हणा मनाचा मोठा आहे हो. माझ्या खांद्यातल्या स्क्रूंचा विचार केला त्यानं. म्हणाला, 'ट्रेव्ह, सगळे एकाच दंडावर नको... पन्नास-पन्नास करू.'