रिकामा हात

नागपूरच्या दवाखान्यात माझ्या बाकावर उमरेडचे एक विणकर नवराबायको नंबरची वाट पाहत बसले होते.

"मले काही झालं नाई. उगाच माग बंद ठेवून आणलं तू."

"मागानंच तं सांगितलं मले. मी आतल्या खोलीत सुताच्या कांड्या भरते, कान तुमच्या मागाकडे असते. दिवाळीपासून तो हळू झाला."

"जुना झाला, वं."

"तुम्ही झोपले होते तवा मी बसली त्याच्यावर. पहिल्यासारखाच चालते."

"वय झालं मग माह्यं."

"वय काय एकाच हाताचं होते? चालताना डावा हालते, उजवा अंगाले चिकटून राह्यते."

"पण धोटा बरोबर फेकतो न मी? कामात हात कापते काय?"

"कामात नाई कापत. रिकामा बसला का कापते. म्हणून तं तुम्ही त्याले रिकामा ठेवतच नाई. आताही पिशवी धरून बसले."

"डबा आहे तिच्यात."

"डबा बसमध्येच खाल्ला आपण. बाजूच्या यमुताईच्या सासऱ्याचंही असंच सुरू झालं होतं. कंपवात निघाला."

"अन् माह्याही तोच निघाला तं?"

"तं मी विणीन, कांड्या तुम्ही भरजा. पण आज कळलंच पाह्यजे."

शिपायानं हाक मारली, "रुपराव पराते!"

"चाल. थकवा येते म्हणून सांगतो."

"काही सांगू नका. पिशवी द्या इकडे. हात मांडीवर ठेवजा, अन् पाहू द्या डाक्टरले."