कट काही होईना

…आणि कॉम्प्युटरवर परत तीच लाल पट्टी. ‘कट करता आला नाही. आकार तपासा.’ अहो, काय तपासू? कितीदा तपासू? शाळेच्या मॉडेलसाठी दिव्यावर घालायची एक टोपी आहे, पिळलेली, आतून पोकळ, आणि तिच्यात गोल भोकं पाडायची आहेत म्हणजे भिंतीवर उजेडाचे ठिपके पडतील, एवढंच माझं म्हणणं. तुम्हाला सांगते, आई भोपळ्याला सुरी लावते आणि भोपळा चिरला जातो, तो काय सुरीला विचारतो का, की बाई गं, तुझी कड नीट जुळली आहे का? पण हा कॉम्प्युटरमधला भोपळा विचारतो. कट काही होईना.

शाळेत सरांना विचारलं. म्हणजे विचारणार होते. त्यांच्या टेबलाभोवती ही गर्दी, मी सगळ्यांच्या मागे, वाक्य मनात चार वेळा घोटून तयार, आणि माझी पाळी आली तर घंटा झाली. सर वह्या गोळा करत म्हणाले, तुझं काय, तुझं चांगलंच असणार. संपलं! गप्प मुलींचं हे असं असतं बघा, बुडत असल्या तरी लोकांना वाटतं पोहतायत.

मग राहिले बाबा. बाबा दूरच्या शहरात नोकरीला असतात, बादल्यांचे आणि डब्यांचे साचे कॉम्प्युटरवर तयार करतात, म्हणजे दिवसभर हेच. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो आणि आमचं बोलणं ठरलेलं. शाळा काय म्हणते? काही नाही. अभ्यास? चाललाय. बरं, आईला दे. झालं! कुरिअरवालासुद्धा दारात याहून जास्त वेळ थांबतो. पण परवा माझ्या तोंडून निघून गेलं, बाबा, कट होत नाहीये… आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

“कुठला कट? दाखव बघू.”

मी फोनचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरला. तुम्हाला सांगते, तो माणूसच वेगळा. म्हणाले, भोकाची रेघ पूर्ण जुळली आहे का बघ, केसाएवढी फट राहिली तरी ते कापत नाही. फट होती. बुजवली. कट काही होईना. मग म्हणाले, दिशा उलटी असेल, टोपी सोडून तू हवाच कापत असशील… आणि खरंच, मी इतका वेळ हवा कापत होते! बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला, मग पाणी पिऊन सांगायला लागले की नोकरीच्या सुरुवातीला त्यांनीही दिवसभर हवा कापली होती, आणि त्यांचे साहेब मागे उभे राहून मजा बघत होते. हे मला माहीतच नव्हतं. बाबांना कुणी हसलं होतं? माझ्या बाबांना? दिशा फिरवली. तरी कट काही होईना. काल तर फोन लवकरच आला, आणि शाळाबिळा काही नाही, थेट, मुंगे, सकाळी दाढी करताना मला एक सुचलं! आई दारातून डोकावून म्हणाली, बापलेकीचा काय कट शिजतोय? म्हटलं, शिजत नाहीये ना, तेच तर.

आता माझी पंचाईत बघा. मॉडेल उद्या शाळेत द्यायचंय, म्हणजे ते व्हायलाच हवं. पण झालं, तर बाबांशी बोलायचं काय? बटण दाबताना देवाकडे नक्की मागायचं काय, हेच कळेना. लाल पट्टी दिसली की रडू यायचं, आणि हायसंही वाटायचं.

आज बाबांनी टोपी खूप मोठी करून बघायला लावली.

“थांब. ही दोन भोकं बघ. एकमेकांना नुसती टेकलीत.”

टेकली तर टेकली बिचारी, मी म्हटलं.

“तसं चालत नाही, मुंगे. मधल्या भिंतीला जाडीच उरत नाही मग. एक तर दोन्ही नीट एकमेकांत मिसळू दे, नाहीतर नीट लांब ठेव. नुसतं टेकून राहिलेलं त्याला समजत नाही.”

लांब न्यायला माझा हात धजेना, म्हणून मी दोन्ही भोकं एकमेकांत सरकवली आणि बटण दाबलं. पट्टी आलीच नाही. भोकं पडली, सगळी, ओळीनं, चाळणीसारखी.

बाबांनी विचारलं, झालं? झालं. वा! मग बाबा म्हणाले,

“आणखी काही अडतंय का?”

आता बघा, किती सोपा प्रश्न. किती सावकाश विचारला त्यांनी. वायर आत जात नाही म्हणायचं, टोपी दिव्यावर बसत नाही म्हणायचं, काहीही म्हणायचं! नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुढचं त्यांनीच शोधून काढलं असतं. पण माझं हे शहाणं, खरं बोलणारं तोंड…

“नाही.”

“बरं. आईला दे.”

आई आंघोळीला गेली होती. मग उद्या करतो म्हणाले, आणि फोन कट झाला. हा मात्र पहिल्याच झटक्यात.